गोचिड्यांचा आश्विन

आश्विन लागला की माझ्या मोज्यांत कुसळं सापडू लागतात. रानात मी आता पूर्वीसारखी जात नाही. कॉलेजच्या मागच्या पडीक तुकड्यातून जवळची वाट काढते, तेवढीच. पण कुसळांना तेवढं पुरतं. संध्याकाळी पायरीवर बसून मोजे उलटे करायचे आणि एकेक कुसळ नखाने उपसायचं, हा माझा या दिवसांतला उद्योग. सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं, दुपारी डोकं तापतं, आणि पिवळ्या पडणाऱ्या गवताला भाजलेल्या शेंगांच्या टरफलांसारखा वास येतो. हा वास आला की लोकांना दसरा-दिवाळी आठवते. मला गोचिड्या आठवतात.

परवा शेजारच्यांच्या कुत्र्याने येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. कान उलटा करून पाहिला तर आत एक चांगली फुगलेली, एरंडीच्या बीएवढी राखाडी गोचीड. शेजारीण शहारून मागे सरकली. मी चिमटा आणला, कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढली, मुंडक्यासकट निघाली. "कसं जमतं हो तुम्हाला?" शेजारणीने विचारलं. सवय, मी म्हटलं. सवय हे खरंच, पण ती कुणी लावली ते सांगितलं नाही. हिराचं नाव मी सहसा कुणापुढे घेत नाही.

मी मुळात जळकी. हे कबूल करायला मला आता वयामुळे लाज वाटत नाही. आमचा मळा नाशिकजवळ, मखमलाबादच्या बाजूला, झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. शेजारच्या मळ्यातल्या शेवंतीला आमच्यापेक्षा आठ दिवस आधी कळ्या धरल्या तर माझा बाप नुसता हसायचा, मी मात्र जेवायची नाही. धाकट्या बहिणीची वेणी माझ्यापेक्षा लांब, म्हणून एकदा मी तिच्या शिकेकाईत माती मिसळली होती. आई म्हणायची, "बारशाला सुनंदाला नेऊ नका, पाळण्याला दृष्ट लागायची." सगळे हसत, मीही हसे. पण आई थट्टेत खरं बोलते हे मला माहीत होतं.

मॅडमकडे मी लागले ती नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे. त्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात गोचिड्या जमवायच्या. येवल्याच्या पलीकडे काळविटांचं एक राखीव रान आहे. रान म्हणजे झाडी नव्हे. नजर पोचेल तिथवर गुडघाभर गवत, अधूनमधून बाभळी, हिवर, आणि लांबवर उभे राहून आपल्याकडे टक लावून बघणारे काळवीट. त्याच माळावर कडेकडेने गावच्या मेंढ्या चरतात. मॅडमचा प्रश्न साधा होता. मेंढ्यांच्या अंगावरच्या गोचिड्या काळविटांवर जातात का, आणि काळविटांच्या मेंढ्यांवर येतात का? कुठली जात कुणाच्या अंगावर सापडते, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही. म्हणून आम्ही लिहून ठेवत होतो.

गोचिड्या जमवायच्या कशा, हे पाहुण्यांना सांगितलं की ते चहाचा कप खाली ठेवतात. माझ्या आजोबांचं जुनं पांढरं धोतर फाडून त्याचे हातभर पट्टे केले होते. ते काठीला बांधून गवतावरून सावकाश ओढत न्यायचे. गोचीड गवताच्या शेंड्यावर पुढचे दोन पाय वर करून बसलेली असते. जे अंगाला घासून जाईल त्याला धरायचं, एवढंच तिला कळतं. ती धोतराला धरायची. दहा पावलं गेलं की थांबायचं, पट्टा उलटा करायचा आणि चिमट्याने टिपायच्या. आणि रानात एखादं जनावर मेलेलं सापडलं, गाडीखाली आलेला ससा किंवा कुत्र्यांनी फाडलेलं पाडस, तर वनखात्याच्या माणसांच्या समोर त्याचं अंग तपासायचं. कान, काखा, जांघा, शेपटीखाली. मी सुरुवातीला नाकाला ओढणी बांधायची. मॅडम बांधत नसत म्हणून मीही सोडली.

टिपलेली गोचीड बोटाएवढ्या काचेच्या बाटलीत, स्पिरिटमध्ये. आणि त्याच बाटलीत आत एक चिठ्ठी: कुठल्या जनावराच्या अंगावरची, कुठे सापडली, कधी, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी बाहेर चिकटवायची नाही, कारण ती कधीतरी गळून पडते. आणि चिठ्ठी लिहायची पेन्सिलीने. पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळून जाते, पेन्सिल वर्षानुवर्षं राहते. हे आमच्या धंद्यातलं अ-आ-इ-ई. मॅडम म्हणायच्या, "चिठ्ठी नसलेली गोचीड म्हणजे नुसती घाण. फेकून द्या." पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन पेन्सिली दिल्या होत्या, आणि त्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये कुंकवाची डबी नसली तरी पेन्सिल असायची.

दोन वर्षं मॅडमच्या मागे मी एकटी होते. माझ्या आकृत्या त्या वर्गात दाखवायच्या. गोचिडीचं तोंड, त्यावरचे उलटे दात, पाठीवरची ढाल, हे मी सूक्ष्मदर्शकाखाली बघून असं काढायची की मॅडम नुसतं "हं" म्हणायच्या. त्यांच्या "हं"वर मी आठवडा काढायची. त्यांच्याजवळ पितळी कडेचं एक घडीचं भिंग होतं, त्यांच्या गुरूंनी दिलेलं. रानात त्या ते गळ्यात घालत. ते भिंग कधीतरी माझ्या गळ्यात येईल असं मी मनाशी धरलं होतं, आणि आरशासमोर उभं राहून ते कसं दिसेल हेही ठरवलं होतं.

त्या वर्षी श्रावणात हिरा आली. तिचे वडील, आण्णा, त्या रानात वनखात्याकडे राखणीला होते आणि घरची पंचवीस-तीस मेंढरं होती. हिरा बारावी झालेली, एकोणीस वर्षांची, उंच, काळीसावळी, दोन वेण्या पुढे टाकलेली. आण्णांच्या मागोमाग ती डबा घेऊन आली तेव्हा मी एका मेलेल्या सशाच्या कानातून गोचीड काढत होते. तिने जरा वेळ बघितलं आणि वाकून म्हणाली, "ताई, अशी नका वढू. मुंडकं आतच ऱ्हातं मंग."

"मग कशी?" मॅडमनी विचारलं. मला नव्हे, तिला.

तिने चिमटा घेतलाच नाही. दोन नखं कातडीला टेकवली, हलकेच सरळ ओढलं, आणि तळहातावर अख्खी गोचीड आमच्यापुढे धरली. पाय हलत होते. "ही सशाचीच हाय. ही कानाच्या कडंला बसती. काळविटाची येगळी, तिच्या पायाला पांढरे पट्टे असत्यात, ती शेपटीखाली बसती. मेंढराला दोन्ही चिकटत्यात, पण पट्ट्याची ज्येष्ठात लय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. जी गोष्ट दोन वर्षांच्या बाटल्यांमधून नुकतीच डोकं वर काढत होती, ती ही मुलगी डब्याच्या फडक्याला गाठ मारताना सांगत होती. मॅडमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तसा माझ्या कुठल्याही आकृतीने आणलेला मी पाहिला नव्हता. मी सशाचा कान हातातून सोडला. त्या क्षणी जे वाटलं त्याची मला ओळख होती. धाकटीच्या वेणीपाशी, शेजारच्या शेवंतीपाशी तेच वाटलं होतं.

त्यानंतर दर खेपेला हिरा आमच्याबरोबर. ती धोतराचा पट्टा ओढायची तेव्हा काठी जमिनीला लागायची नाही आणि गवताला सोडायचीही नाही. मला पंधरा मिळाल्या तर तिला चाळीस. नुसत्या डोळ्याने ती नर-मादी सांगायची. मी भिंग मागायची. मॅडम बसमध्ये माझ्याशेजारी बसून हिराबद्दल बोलायच्या. बस निफाड सोडून विंचूरला आली की कांद्याच्या उग्र वासाने डोळ्यांना पाणी यायचं, आणि त्या वासाचे मी फार आभार मानलेत. तिथे डोळे पुसले तरी कुणी विचारत नाही.

हेवा आणि मत्सर हे एकाच घरचे समजतात लोक, पण मला दोन्ही जवळून माहीत आहेत. हेव्यात आपल्याला दुसऱ्यासारखं व्हायचं असतं, आणि त्यात थोडं कौतुकही असतं. मत्सरात आपल्याला काही व्हायचं नसतं, दुसऱ्याचं तेवढं जायला हवं असतं. मला हिराचे डोळे नको होते. ते नसते तर बरं झालं असतं, एवढंच वाटायचं. भाद्रपदातल्या एका दुपारी मॅडमनी गळ्यातलं भिंग काढलं आणि म्हणाल्या, "हिरा, हे तुझ्याकडे राहू दे. तुझ्याकडे चालेल जास्त." हिराने ते दोन्ही हातांत घेतलं आणि प्रसाद घेतल्यावर करतात तसा हात कपाळाला लावला. त्या वेळी तिच्याकडे हसून बघणारी मीच होते. हसताना माझे गाल दुखत होते.

त्याच आठवड्यात मॅडमनी दोघींना समोर बसवून सांगितलं. दिवाळीनंतर नवं काम सुरू होतंय, दोन वर्षांचं. हाताखाली एकीला घेता येईल. पदवीची अट नाही. "मला रानात उभी राहणारी मुलगी हवी. दोघी माझ्या दृष्टीने सारख्याच. हा महिना बघते आणि ठरवते." सारख्याच. मी एम.एस्सी. आणि ही बारावी, आणि आम्ही सारख्याच.

घरी माझ्या बापाने दिवाळीची मुदत घातली होती. नोकरीचं पक्कं झालं तर ठीक, नाहीतर पिंपळगावचं स्थळ तयार होतं. माणसं चांगली, द्राक्षाची बाग, मुलगा एकुलता. हिराच्या घरी तसंच. आण्णा मॅडमना म्हणाले होते, "कामाला लागली तर दोन वरीस थांबू बाई. नायतर तुळशीचं लगीन झालं की हिचं उरकून टाकू. मेंढरंवाले पाव्हणे हायेत, तिकडं जाईल." म्हणजे जी राहील ती शिकेल आणि दुसरी डोक्यावर पदर घेईल, इतकं ते सरळ होतं. हे दोघींनाही माहीत होतं, आणि हिरा तरीही माझ्या डब्यात तिच्या डब्यातली ठेच्याची अर्धी गोळी टाकायची.

घटस्थापनेच्या सुमाराला मॅडमच्या आई पुण्याला आजारी पडल्या. मॅडम गेल्या. जाताना सांगून गेल्या, आश्विनातले हे दिवस वाया घालवू नका, गोचिड्या भरात आहेत. आम्ही दोघींनी काम चालू ठेवायचं ठरलं. पण दसऱ्याच्या आधीचे पाच दिवस मी आमच्या मळ्यातून हलू शकत नाही; झेंडूवाल्याच्या घरात त्या दिवसांत बाळंतीणसुद्धा खुडायला उभी राहते. म्हणून तेवढे दिवस हिराने एकटीने करायचं आणि मी तिला बाटल्या भरायचं शिकवून यायचं.

वनखात्याच्या खोलीच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. दुपारची वेळ, समोर गवतावर वारा, आणि पत्र्यावर चिमण्यांचे पाय वाजत होते. मी सगळं नीट सांगितलं. स्पिरिट किती घालायचं, एका बाटलीत एकाच जनावराच्या गोचिड्या, बूच घट्ट. चिठ्ठी आत टाकायची. चिठ्ठीवर काय काय लिहायचं. पेटी खाटेखाली अंधारात ठेवायची, उगीच उघडायची नाही. आतापर्यंत चिठ्ठ्या मीच लिहीत आले होते, तिने कधी लिहिली नव्हती. कागदाचे कपटे मी तिच्यापुढे ठेवले आणि पर्समध्ये पेन्सिल काढायला हात घातला.

तेवढ्यात हिराने ब्लाउजमधून एक नवं बॉलपेन काढलं. निळं, टोपणाचं. येवल्याच्या बाजारातून खास आणलेलं. "म्हणलं मॅडमच्या कामाला जुनं कशाला," ती म्हणाली, आणि एका कपट्यावर सावकाश लिहिलं: काळवीट, नर. ओढ्याकाठी. अक्षर असं की मोत्याची माळ ओवावी. कपटा माझ्यापुढे धरून तिने विचारलं, "आसंच ना, ताई?"

माझा हात पर्समध्ये होता. बोटांना पेन्सिल लागत होती, तिचं टोकसुद्धा. मी म्हटलं, "अक्षर छान आहे तुझं, हिरा."

मी खोटं बोलले नाही. हे वाक्य मी नंतर कितीतरी वेळा चारी बाजूंनी तपासलं आहे आणि त्यात खोटा शब्द एकही नाही. मी हात बाहेर काढला तेव्हा त्यात रुमाल होता. चारच्या बसला निघाले. आण्णांनी माझ्यासाठी शेंगांची पिशवी भरून दिली होती, ती मी मांडीवर घेऊन नाशिकपर्यंत आले.

पुढचे दिवस झेंडूचे. अजून हाताला तो कडवट वास आठवतो, नखांत पिवळं, डोळ्यांपुढे पिवळं. पहाटेच्या धुक्यात खुडायचं, दुपारपर्यंत क्रेट भरायचे, टेम्पोवर बसून गणेशवाडीच्या फुलबाजारात. धाकटी बहीण माझ्यापेक्षा भरभर माळा करत होती आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी अधूनमधून मनात म्हणायची, आजही पत्र टाकता येईल. गावातल्या दुकानात फोन आहे, निरोप ठेवता येईल. मग कुणीतरी हाक मारायचं, ताई दोरा द्या, आणि मी दोरा द्यायची. दसऱ्याला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा झाली. मी माझा चिमटा आणि पेन्सिल पाटावर ठेवली, झेंडूचं फूल वाहिलं आणि हळदकुंकू लावलं. त्या क्षणी तरी मला काही व्हायला हवं होतं. काही झालं नाही.

दसऱ्यानंतर मॅडम परत आल्या आणि आम्ही दोघी रानात गेलो. हिरा फाट्यावर उभी होती. आम्हाला बघताच बोलायला लागली. ओढ्याकाठी मेलेला एक नर सापडला, त्याच्या अंगावर दोन जातींच्या होत्या. गाडीखाली आलेलं मुंगूस, विहिरीत पडलेलं खोकड, आणि एका साळिंदराच्या काट्यांमधूनसुद्धा तिने काढल्या होत्या. सव्वीस बाटल्या. मॅडमनी वाटेतच तिच्या पाठीवर थाप दिली. मग खाटेखालून पेटी ओढली, आणि झाकण उघडलं.

स्पिरिट निळसर झालं होतं. फिकं, पाण्यात नीळ टाकल्यासारखं. प्रत्येक बाटलीत तळाशी गोचिड्या आणि वर एक कोरा कपटा. मॅडमनी एक बाटली उन्हाकडे धरली, मग दुसरी. शेवटच्या दोन-तीन चिठ्ठ्यांवर एखादा काना, एखादी वेलांटी उरली होती. हिरा वाकून बघत राहिली. "मी लिव्हलं व्हतं मॅडम," ती म्हणाली. "समद्यावर लिव्हलं व्हतं."

"पेनाने?" मॅडमनी विचारलं. हिराने ब्लाउजमधलं निळं पेन काढून दाखवलं. मॅडम माझ्याकडे वळल्या. "सुनंदा, पेन्सिलचं सांगितलं नव्हतंस तू?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. हे मात्र खोटं होतं. मागच्या वेळसारखं नाही, सरळ खोटं.

हिराने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांना गोचिडीच्या पायावरचे पट्टे दिसत, मग माझ्या तोंडावरचं काय दिसलं नसेल? मला वाटलं आता बोलेल. तिने नजर खाली घेतली. "व्हय. ताईंनी सांगितलं व्हतं. मीच इसरले."

मग ती खाली बसली आणि बाटल्या एकेक करून उचलायला लागली. ही सशाची. ही ओढ्याच्या काळविटाची. ही साळिंदराची, बघा ना मॅडम, हिची पाठ. सव्वीसच्या सव्वीस सांगितल्या. मॅडम ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाळ, मला पटतं तुझं. पण आठवणीवर चालत नाही गं हे. तिथल्या तिथे लिहिलेलं लागतं." हिराने मान हलवली. जाताना तिने रुमालात बांधलेलं भिंग मॅडमच्या हातात ठेवलं. मॅडम नको म्हणाल्या नाहीत, ह्याचं मला तेव्हा बरं वाटलं, आणि आज त्याच गोष्टीचा राग येतो.

जागा मला मिळाली. भिंगही. तुळशीच्या लग्नानंतर हिराचं लग्न झालं; मी गेले नाही, साडी पाठवली. सव्वीस बाटल्या मॅडम फेकून द्या म्हणाल्या होत्या. त्या मी, हिराने सांगितल्या त्याच क्रमाने आकडे टाकून, कपाटाच्या तळाशी ठेवल्या, आणि हिरा जे बोलत गेली होती ते त्याच दिवशी बसमध्ये पेन्सिलीने वहीत लिहून काढलं. का लिहिलं ते विचारू नका. पुढच्या वर्षांत आमच्याकडे शेकड्याने बाटल्या जमल्या, जाती पक्क्या झाल्या, मॅडमचं आणि त्यांच्या खाली माझं नाव छापून आलं. मी दरवर्षी आश्विनात त्या वहीशी ताडून बघत गेले. प्रत्येक बाटलीतली जात तिने सांगितलेल्या जनावराला साजेशी निघाली, एकही वेडीवाकडी नाही. म्हणजे जिला मी बाजूला केलं ती माझ्यापेक्षा चांगली होती, याचा पुरावा मीच गोळा करत होते. त्याबद्दल पश्चात्ताप झाला असं म्हणायला हवं, पण आधी झाली ती चीड. निदान दोन-चार तरी चुकायच्या होत्या.

त्याला आता दहा वर्षं होऊन गेली. मॅडम निवृत्त झाल्या. परवा त्या कुत्र्याच्या कानातली गोचीड तळहातावर ठेवली, तिचे पाय हलताना पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी येवल्याची बस धरली. पर्समध्ये भिंग, स्पिरिट घातलेल्या दोन बाटल्या आणि पेन्सिल. विंचूरला कांद्याचा वास तोच होता. त्याच्या पुढे वाइन पार्कच्या मोठ्या पाट्या लागल्या आहेत. डोळ्यांना पाणी आलं नाही. सवय मोडली असेल.

हिरा नवऱ्यासह माहेरीच आली आहे, हे फाट्यावरच्या दुकानात कळलं. आण्णा थकले म्हणून मेंढरं हीच बघते. रानाच्या कडेला बाभळीखाली भेटली. अंगाने भरलेली, कपाळावर उन्हाचं काळं. लगेच ओळखलं. "ताई? वाट चुकल्या का काय?" पाणी दिलं, सावलीतला दगड पदराने झाडून दिला. मेंढरं चरत होती. मी भिंग काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते उघडलं, डोळ्याला लावलं आणि सवयीने जवळच्या पहिल्या मेंढीचा कान ओढला.

"हिरा, तेव्हा तू 'विसरले' का म्हणालीस?" मी विचारलं.

ती भिंगातून बघतच बोलली. "तुमची झेंडूची घाई चालली व्हती. इसरल्या आसाल, म्हणलं. मॅडमसमोर कुठं तुमचं तोंड पाडायचं? अन् तुम्ही माझं अक्षर छान हाय म्हणल्या व्हत्या. तसं साळंत बी कुणी म्हणलं नव्हतं." मग हसली. "लय दिस ते ध्यानात ठिवलं मी."

तिथे मला गप्प बसता आलं असतं. तिने मला दहा वर्षं चांगलं मानलं होतं आणि पुढेही मानलं असतं. पण ज्या वाक्याने मी तिला बुडवलं तेच तिने जपून ठेवलं होतं, हे मला सोसवेना. तेही वाक्य तिच्याकडे गेल्यावर माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं.

"मी विसरले नव्हते," मी म्हटलं. "पेन्सिल माझ्या हातात होती."

वारा पडला होता. हिराने भिंग मिटलं. मेंढीचा कान पुन्हा हातात घेतला. मग दोन नखं टेकवून गोचीड काढली, अख्खी, आणि हात पुढे केला. मी बाटली दिली. पुन्हा हात पुढे केला. मी कागद आणि पेन्सिल दिली.

गुडघ्यावर कागद ठेवून तिने लिहिलं. मेंढी. जागा. तारीख विचारून घेतली. मग मान वर न करता विचारलं, "गोळा करणाऱ्याचं नाव कुणाचं घालू?"

"तुझं."

तिने पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याचं मधे घालून, शेवटचं अक्षर कडेला अडचणीत बसवून. चिठ्ठीची घडी केली, बाटलीत सोडली, बूच दाबलं. काचेतून ओळ स्पष्ट दिसत होती. मी म्हटलं, "अक्षर छान आहे तुझं, हिरा."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. भिंग गळ्यात घातलं, काठी उचलली आणि मेंढरांच्या मागे गेली.

ती बाटली आता आमच्या कपाटात आहे, माझ्या नावाच्या बाटल्यांच्या रांगेत. कपाट उघडलं की आधी तीच दिसते. सगळ्यांत चांगलं अक्षर त्याच चिठ्ठीवर आहे, आणि ते पाहिलं की माझ्या पोटात अजूनही दुखतं.